बावीस पायऱ्या

आमच्या धर्मग्रामाचे वृद्ध फादर गेल्या नाताळात मला म्हणाले, "दोन वर्षे तू परदेशात राहून आलास. तिकडे देवळे ओस पडली आहेत असे आम्ही ऐकतो. तेथे तू आपली श्रद्धा कशी राखलीस, ते आपल्या साप्ताहिकात लिही. बाहेर जाणाऱ्या मुलांना उपयोग होईल." लहानपणी मिस्सासेवा मी त्यांच्याकडूनच शिकलो, आजही ते मला एकेरी हाक मारतात. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी होकार दिला आणि पुढे तीन महिने एक ओळही लिहिली नाही. त्यांना अपेक्षित असलेला लेख लिहावयाचा म्हणजे बरेच काही लपवावे लागले असते. मला लिहिता येण्यासारखे होते ते निराळे होते. ते मी छापावयास देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखविले आहे, आणि त्यांनी त्यातील एक शब्दही गाळावयास सांगितला नाही.

मी खानापूर तालुक्यातला. आमचे घर भातशेतीचे, मलप्रभेच्या पलीकडचे. 'पलीकडचे' या शब्दाचा अर्थ पूर्वी पावसाळ्यात समजे. १९७१ सालच्या आषाढात एका रात्री माझ्या आजोबांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. आतड्याला पीळ पडला असावा, असे ती हकीकत ऐकून मी आज म्हणू शकतो. आजीने शेजाऱ्यांना उठविले, गाडी जुंपविली, आजोबांना घोंगडीत गुंडाळून गाडीत घातले, आणि सर्वजण नदीपर्यंत आले. नदीला पूर होता. रात्रभर गाडी काठावर उभी राहिली. आजी गाडीच्या चाकाला टेकून जपमाळ म्हणत होती. पहाटे पाणी उतरू लागले, पण त्यापूर्वीच आजोबा गेले होते. मी सर्जन व्हावे असे आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखविले नाही. ही हकीकत मात्र दर पावसाळ्यात एकदा तरी सांगितली जाई.

बेळगावास एम.बी.बी.एस. आणि हुबळीस एम.एस. असे शिक्षण झाल्यावर मला ब्रिटनमध्ये दोन वर्षांची जागा मिळाली. परदेशी डॉक्टरांसाठी तेथे एक योजना आहे. जास्तीत जास्त २४ महिने तेथील सरकारी रुग्णालयांत काम करीत शिकावयाचे आणि मग मायदेशी परतावयाचे, असा तिचा नियम. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील एका लहानशा शहरी रुजू झालो. ग्लासगो तेथून आगगाडीने तासाभरावर.

निघताना आईने माझ्या पेटीत संत जुझेप्पे मोस्काती यांचे चित्र ठेवले. हे नेपल्सचे डॉक्टर. १८८० साली जन्मले, १९२७ साली वारले, आणि १९८७ साली त्यांना संतपद मिळाले. रोज पहाटे मिस्सा, नंतर दिवसभर रुग्ण, असा त्यांचा क्रम होता. बाकीच्या मंडळींनी सल्ला दिला. तिकडे देव न मानणाऱ्यांत राहावे लागेल, जपून राहा, वादात पडू नकोस. मी त्या परीक्षेची तयारी करूनच गेलो. श्रद्धा आणि विज्ञान यांविषयी एक वहीभर टिपणे काढून नेली होती. त्या वहीचा उपयोग एकदाही झाला नाही. माझ्या श्रद्धेची कोणी थट्टा केली नाही, कोणी वादही घातला नाही. रविवारच्या मिस्सेला साठ-सत्तर माणसे असत. पुढे पिकल्या केसांची स्थानिक मंडळी, बहुतेकांचे पूर्वज आयर्लंडहून आलेले. मागच्या बाकांवर केरळच्या आणि फिलिपाइन्सच्या परिचारिका, मांडीवर पेंगणारी मुले घेऊन. मी मागच्या बाकांवर बसे.

शस्त्रक्रियेचे शिक्षण हे मुख्यतः हाताचे शिक्षण आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पुस्तकातले ज्ञान मी इकडूनच पुरेसे नेले होते. तेथे माझे दोन्ही हात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसले. खुर्चीच्या पाठीला दोरा बांधून एका हाताने गाठ मारावयाची. डाव्या हाताने, मग डोळे मिटून, मग हातमोजे ओले करून. गाठ सरकली तर पुन्हा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एक बंद पेटी असे. तिच्यात लांब चिमटे घालून, समोरच्या पडद्याकडे पाहत, एक-एक मणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकावयाचा. आमच्या प्रमुख सर्जन या पन्नाशीच्या एक विदुषी होत्या. त्या मागे उभ्या राहून फक्त एवढेच म्हणत, "सावकाश. पेशींना तुझी घाई कळते." त्यांचा देवावर विश्वास नव्हता, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सहज बोलताना सांगितले, जसे आपण चहात साखर घेत नाही असे सांगतो.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशीचा एक प्रसंग आठवतो. रुग्णाला भूल दिली होती, कापड पसरले होते, सुरी परिचारिकेच्या हातात होती. इतक्यात सर्वांचे हात थांबले. सर्वजण स्तब्ध उभे राहिले. मला वाटले, आता प्रार्थना होणार! मी मान खाली घातली. तेव्हा एकेकाने आपले नाव आणि काम सांगितले, रुग्णाचे नाव वाचले गेले, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, रक्तस्राव किती अपेक्षित, औषधाची ॲलर्जी आहे काय, हे प्रश्न मोठ्याने विचारले गेले आणि उत्तरे दिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेली ती तपासणी-यादी होती. एकूण १९ बाबी. इकडे हुबळीसही तो कागद होता. आम्ही तो शस्त्रक्रिया झाल्यावर भरून टाकीत असू. या यादीची परीक्षा जगातील आठ शहरांत झाली, त्यांत नवी दिल्लीही होती. २००९ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यादी वापरण्यापूर्वी शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू हजारी १५ होते, वापरल्यानंतर ८ झाले. पुढे मी मान खाली घालीनासा झालो, पण त्या अर्ध्या मिनिटाच्या स्तब्धतेत मनातल्या मनात क्रूसाची खूण करण्याची सवय मात्र लागली, ती अजून आहे.

सुट्टीच्या दिवशी मी ग्लासगोस जाई. केल्विनग्रोव्ह उद्यानात जोसेफ लिस्टर यांचा बसलेला पुतळा आहे. जखमा निर्जंतुक ठेवण्याची विद्या ज्यांनी शस्त्रक्रियेस दिली, ते हे लिस्टर. त्यांच्या पूर्वी शस्त्रक्रिया यशस्वी होई आणि रुग्ण आठवड्याने पू होऊन मरे. १८६५ सालच्या ऑगस्टात ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांचा एक मुलगा आणण्यात आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते आणि हाड कातडी फोडून बाहेर आले होते. अशा वेळी पाय कापणे हाच त्या काळचा शहाणपणा. लिस्टरनी पाश्चरचे लेख वाचले होते. कुजण्याची क्रिया सूक्ष्म जीवांमुळे होते, हे पाश्चरनी दाखविले होते. कार्लाइल गावी गटाराच्या पाण्याची दुर्गंधी कार्बोलिक ॲसिडने जाते, असेही लिस्टरच्या कानी आले होते. त्यांनी त्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजविलेल्या पट्ट्या बांधल्या. सहा आठवड्यांनी मुलगा आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला. नंतर लिस्टरनी आपले आकडे प्रसिद्ध केले. पूर्वी ३५ अवयवच्छेदांत १६ मृत्यू, नव्या पद्धतीनंतर ४० मध्ये ६.

त्या पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून मला एकदा वाटले, जखमेत काहीतरी ओतावे हे तर आपल्या शुभवर्तमानातही आहे. चांगल्या शोमरोनीने त्या अर्धमेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. हा दाखला चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या संत लूकनेच दिला आहे. आणि लूक हा वैद्य होता, हे संत पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून आपणांस ठाऊक आहे. द्राक्षारसाने जखम धुवावी, तेलाने ती मऊ ठेवावी, ही वैद्याची नजर. हा विचार सुचल्याचा मला इतका आनंद झाला की, त्या रात्री मी आईला दूरध्वनी करून तो सांगितला. त्याच दाखल्यात वाटेच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलेला याजक आणि लेवीही आहेत, इकडे माझे लक्ष गेले नाही.

आता त्या रात्रीविषयी.

२०२३ च्या मार्चची दोन तारीख, गुरुवार. प्रायश्चित्तकाळ सुरू होऊन आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार, म्हणून पहाटेच्या मिस्सेस जाण्याचे मी ठरविले होते. माझी रात्रपाळी होती. मध्यरात्रीनंतर एका मुलाचे आंत्रपुच्छ काढले, तातडीच्या विभागात दोन रुग्ण पाहिले, आणि अडीचच्या सुमारास डॉक्टरांच्या खोलीत येऊन बसलो. तोच कमरेचे बोलावण्याचे यंत्र वाजले. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून परिचारिका बोलत होती. ती केरळची, आमच्याच देवळात येणारी.

तिने सांगितले ते असे. चार दिवसांपूर्वी ज्यांचे कर्करोगाने व्यापलेले आतडे आमच्या बाईंनी काढले आणि उरलेली दोन टोके जोडली, ते एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ अस्वस्थ आहेत. नाडी ११२, श्वास मिनिटाला २२, ताप थोडा, ३८.२. गुण पाच होतात. हे गुण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली ही पद्धत तयार केली. श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, प्राणवायू, शुद्ध या प्रत्येकाला बिघाडाच्या मानाने गुण द्यावयाचे. येथे गुण जितके अधिक तितका रुग्ण वाईट. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने येऊन रुग्ण पाहावा, असा नियम. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, मला त्यांचा चेहरा बरा दिसत नाही."

मी म्हणालो, "वेदनेमुळे असेल. पॅरासिटामॉल द्या. मी अर्ध्या तासात येतो."

मी आळशी नव्हतो, असे आजही मला वाटते. तो दिवस सकाळपासूनचा होता, पाय जड झाले होते. पण हे काही मी येथे लिहिण्यास बसलो नाही. टेबलावर मोस्कातींचे ते चित्र होते. मी त्याच्यासमोर हात जोडले आणि त्या रुग्णासाठी प्रार्थना केली. मनःपूर्वक केली, तोंडदेखली नव्हती. एक प्रभूची प्रार्थना, तीन नमो मरिया. प्रार्थना संपली तेव्हा मला फार बरे वाटले. त्या माणसासाठी जे करावयाचे ते झाले, असे वाटले. खुर्चीतच मला झोप लागली.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी यंत्र पुन्हा वाजले, यावेळी तातडीच्या स्वरात. मधल्या वेळी दुसऱ्या एका रुग्णाचे हृदय बंद पडून ती परिचारिका त्याच्यापाशी अडकली होती. मी जिन्याने धावलो. रुग्णाची नाडी १३४, वरचा रक्तदाब ८६, कातडी थंड आणि ओलसर, पोट फळीसारखे. आतड्याचा जोड गळत होता. पोटात विष्ठा पसरून रक्तात विष भिनू लागले होते. प्रतिजैविके, शिरेतून द्रव, बाईंना दूरध्वनी. सात वाजता आम्ही पुन्हा पोट उघडले. धुऊन काढले, जोड काढून टाकला आणि आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणून शिवले. म्हणजे यापुढे मलविसर्जन पोटावर लावलेल्या पिशवीत. तेथून त्यांना अतिदक्षता विभागात, श्वसनयंत्रावर नेले.

पहिल्या शुक्रवारची मिस्सा अर्थातच चुकली. डॉक्टरांची खोली आणि तो वॉर्ड यांच्यामध्ये पायऱ्या किती, ते मी त्या दिवशी उतरताना मोजले. बावीस.

दुपारी बाईंनी रुग्णाच्या पत्नीला सर्व समजावून सांगितले. मी शेजारी उभा होतो. अडीचच्या दूरध्वनीविषयी बाईंना काहीच ठाऊक नव्हते. परिचारिकेने वहीत वेळ टाकून 'डॉक्टरांना कळविले, येतो म्हणाले' अशी नोंद केली होती. ती अजून कोणी वाचली नव्हती. पत्नीने विचारले, "हे आधी कळले असते का?" बाई म्हणाल्या, "असे जोड शंभरात काही गळतातच, आणि ते कधी कधी अचानक उमगते." त्यांनी जे ठाऊक होते ते खरेच सांगितले. मी तोंड उघडले नाही. शुक्रवारी उघडले नाही, शनिवारी सकाळी उघडले नाही. या दीड दिवसात मी पुष्कळ प्रार्थना केली, हे सांगणे भाग आहे. जपमाळा झाल्या, अतिदक्षता विभागाबाहेर उभे राहून झाल्या. देवा, हा माणूस जगू दे. आणि त्याच्या आत, अगदी तळाशी, दुसरी एक: कोणी विचारू नये.

शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनास गेलो. जाळीमागे एक वृद्ध आयरिश धर्मगुरू होते. मी सर्व सांगितले. त्यांनी काही काळ काहीच उत्तर दिले नाही. मग विचारले, "तू त्याच्यासाठी प्रार्थना केलीस म्हणतोस. जिना चढत का केली नाहीस?"

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी मला देवाच्या नावाने क्षमा दिली, तीवर काही अट घातली नाही. पण म्हणाले, "ही क्षमा तुझी झाली. ज्याच्यापाशी तू गेला नाहीस तो माणूस अजून त्याच इमारतीत आहे. त्याच्या बायकोने प्रश्न विचारला होता ना?" प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकच नमो मरिया सांगितली आणि वर बजावले, "ही बसून म्हणू नकोस."

सोमवारी सकाळी मी बाईंना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. परिचारिकेची नोंद काढून वाचली, आपल्या वहीत वेळा उतरवून घेतल्या, आणि म्हणाल्या, "त्याला जाग आली की आपण दोघे सांगू. बोलशील तू." स्कॉटलंडात २०१८ सालापासून तसा कायदाही आहे. उपचारात अनपेक्षित अपाय घडला तर रुग्णालयाने रुग्णाला तो कळविला पाहिजे आणि क्षमा मागितली पाहिजे. ते कायद्याने करावे लागते हे ऐकून आमच्याकडील काही मित्र हसतात. मला तेव्हा हसू आले नाही. कायदा नसता तर मी कदाचित आणखी आठवडा काढला असता.

तीन तासांच्या उशिराने नेमके किती नुकसान केले, याचे उत्तर मला कोणी देऊ शकले नाही. जोड तर गळलाच होता. दुसरी शस्त्रक्रिया टळली नसती, असे बाईंचे मत पडले. पण रक्तात विष भिनल्यावर एक-एक तास मोलाचा असतो. रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक मिळण्यास जितके तास उशीर, तितक्या प्रमाणात जगण्याची आशा घटत जाते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. दर तासाला सरासरी ७.६ टक्के. अतिदक्षता विभागातले दहा दिवस कदाचित चार झाले असते. कदाचित नसतेही. हे 'कदाचित' मी बरोबर घेऊन आलो आहे.

रुग्ण जगले. क्लाइड नदीच्या गोदीत त्यांनी आयुष्यभर वेल्डरचे काम केले होते. प्रॉटेस्टंट घरात जन्मलेले, पण लग्नानंतर देवळाची पायरी न चढलेले. श्वसनयंत्र काढल्यानंतर चौथ्या दिवशी मी आणि बाई त्यांच्या खाटेपाशी बसलो. पत्नी त्यांचा हात धरून होती. मी सांगितले की अडीच वाजता मला बोलावले होते, मी जावयास हवे होते, मी गेलो नाही, झोपलो. प्रार्थनेची गोष्ट सांगितली नाही. ती सांगितली असती तर माझी बाजू मांडल्यासारखे झाले असते.

ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. पत्नीने तोंड फिरविले. तिने माझ्याशी पुढे कधीच संभाषण केले नाही, आणि ते मला योग्यच वाटते. मग ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती पोरगी तुझ्यामागे लागली होती तर."

मी म्हणालो, "होय."

"तिचे आभार मानलेस?"

मानले नव्हते. मी तिला टाळत होतो. दोन रविवार मी ग्लासगोस, क्लाइड स्ट्रीटवरील कॅथीड्रलमध्ये मिस्सेला गेलो होतो, केवळ ती आमच्या देवळात मागच्या बाकावर असेल म्हणून. त्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन मी तिचे आभार मानले. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी पुन्हा बोलावीन. दर पंधरा मिनिटांनी बोलावीन." तिलाही त्या रात्रीचे लागून राहिले होते, दुसऱ्या डॉक्टरला का बोलाविले नाही, म्हणून ती स्वतःलाच दोष देत होती. ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. माझ्या न उठण्याचे ओझे आणखी एक माणूस वाहत होते, आणि ते माणूस तर चुकलेही नव्हते. पुढच्या रविवारी मी आमच्या देवळात गेलो. शांती देण्याच्या वेळी तिने मागे वळून हात पुढे केला. तिच्या लहान मुलानेही केला.

महिन्याच्या अखेरीस रुग्णालयात मृत्यू व गुंतागुंत यांचा विचार करणारी बैठक असते. रुग्णाचे नाव नाही, डॉक्टरचे नाव नाही; पडद्यावर फक्त वेळा आणि आकडे. '२.३५, गुण ५, डॉक्टरांना कळविले. ५.४०, गुण ५ हून बरेच अधिक.' मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे पंचवीस माणसे पाहत होती. मी उभा राहून म्हणालो, "तो मी." असे म्हणण्याची पद्धत नाही, कोणी तशी अपेक्षाही केली नव्हती. पुढे चर्चा कामाचीच झाली. रात्री एकाच डॉक्टरवर किती वॉर्ड असावेत, अर्ध्या तासात कोणी आले नाही तर परिचारिकेने थेट कोणाला बोलवावे. त्यानंतर नियम बदलला, आणि त्याचे श्रेय माझ्याकडे मुळीच येत नाही.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी ते गृहस्थ घरी गेले, पोटावर पिशवी घेऊन.

त्या दिवसांत मी मोस्कातींचे चरित्र मागवून वाचले. १९०६ साली व्हेसुव्हिअस पर्वताचा उद्रेक झाला, तेव्हा तोर्रे देल ग्रेको गावच्या रुग्णालयात म्हातारी आणि लुळी माणसे होती. छपरावर राख साचत होती. तरुण मोस्काती तेथे धावले आणि सर्व रुग्णांना बाहेर काढविले. शेवटचा रुग्ण निघाल्यानंतर थोड्याच वेळात छप्पर कोसळले. आईने दिलेल्या चित्रात ते शांत उभे आहेत. मला ते चित्र आता थोडे अपुरे वाटते. त्यांच्या कोटावर राख दाखवावयास हवी होती.

जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात अडतिसाव्या अध्यायात वैद्यांविषयी पुष्कळ काही आहे. ज्यांच्या घरी ते पुस्तक आहे त्यांनी तो अध्याय अवश्य वाचावा. आजाऱ्याने प्रार्थना करावी असे तेथे आहे, आणि लगेच पुढे, वैद्यालाही त्याची जागा द्यावी असे आहे. वैद्यही प्रार्थना करतात, हेदेखील आहे. मी हा अध्याय पूर्वी अनेकदा वाचला होता आणि त्यातील वैद्याच्या सन्मानाचा भाग तेवढा लक्षात ठेवला होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी परतलो. आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, नजर गेली आहे, कान शाबूत आहेत. पाऊस पडत होता. तिने आजोबांची हकीकत सांगावयास घेतली, आणि ती संपल्यावर मी तिला माझी सांगितली. आईसमोर सांगवत नव्हती, म्हणून आई गोठ्यात गेल्यावर सांगितली. आजीने जपमाळेचे मणी थांबविले.

"किती वेळ झोपलास रे?"

"तीन तास, आजी."

"मध्ये नदी होती?"

"नव्हती."

ती आणखी काही बोलली नाही. थोड्या वेळाने मणी पुन्हा सरकू लागले.

सध्या मी आमच्याच भागातील एका लहान इस्पितळात आहे. रात्रीच्या परिचारिकांना मी सांगून ठेवले आहे की चेहरा बरा दिसत नाही एवढे कारणही मला उठविण्यास पुरेसे आहे. त्याचा त्या भरपूर फायदा घेतात. गेल्या आठवड्यात एका आजोबांचा चेहरा, केवळ त्यांनी कवळी काढून ठेवली होती म्हणून, बरा दिसत नव्हता. माझी राहण्याची खोली खाली आहे आणि वॉर्ड वर. जिन्याला पायऱ्या किती, हे मी येथे मोजलेले नाही. चढताना नमो मरिया म्हणतो. एक पुरी होते, दुसरी अर्ध्यावर येते तोच वॉर्डाचे दार लागते. उरलेली कधी खाटेपाशी म्हणतो, कधी राहून जाते.